फँटसीतला धर्म जादूगाराशी कसा वागेल? नव्या लेखकांसाठी पायऱ्या

शनिवारी सकाळी दादरच्या बाजारात लिंबू-मिरचीवाला दुकानांमागून दुकानं घेत जातो. एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, खाली बिब्बा नाहीतर कोळशाचा तुकडा, सगळं एकात एक ओवलेलं. दुकानदार गेल्या आठवड्याचं सुकलेलं काढून रस्त्यावर टाकतो, नवं अडकवतो आणि आत वळून गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळतो. यातलं पहिलं जादू आणि दुसरं धर्म, असं त्याला समजावायला गेलात तर तो म्हणेल, आधी बोहनी होऊ द्या.

याच शहरात बसून फँटसी लिहायला घेतली की मात्र पहिल्या प्रकरणातच काळ्या झग्यातले धर्मगुरू येतात आणि एका चेटकिणीला खांबाला बांधून जाळतात. असा धर्म उसना वाटतो, कारण तो उसनाच असतो. त्या धर्मगुरूंना पगार कोण देतं, त्यांच्या गावात मूल तापलं तर आई कुठे जाते, त्या चेटकिणीला काल संध्याकाळपर्यंत कुणी का हात लावला नव्हता, यातलं काहीच लेखकाला ठाऊक नसतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत. धर्मसंस्थेला "हे कसं घडलं?" यात फारसा रस नसतो. ती विचारते, "हे करायला तुला कुणी सांगितलं?" जादूगाराला संत म्हणायचं, नोकरीवर ठेवायचं, दंड करायचा की वेशीबाहेर काढायचं, हे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरतं.

लागणारं सामान

- दोनशे पानी वही. डावीकडे धर्माचा नियम लिहा, उजवीकडे लोक प्रत्यक्षात काय करतात ते. उजवं पान रिकामं राहिलं तर तुमचं जग अजून कागदीच आहे.
- शहराचा हाताने काढलेला नकाशा. देवळं, बाजार, बंदर, स्मशान आणि वेशी एवढं पुरे.
- वर्षाचं पंचांग: किमान सहा सण, आणि प्रत्येक सणाला कुणाची कमाई होते.
- एका देवस्थानाचा वर्षाचा जमाखर्च, एका पानात.
- वाचनासाठी मराठी विश्वकोशातल्या अथर्ववेद आणि नाथ संप्रदाय या नोंदी, लीळाचरित्र आणि नवनाथांच्या कथा. आधी हे वाचा. परदेशी फँटसी नंतर.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच काल्पनिक शहर घेऊ. नाव मीठबंदर, वस्ती ६०,०००, देवता दर्यादेवी. इथली जादू एकच: काही माणसांना दोरीच्या गाठीत वारा बांधता येतो. गाठ सोडली की वारा सुटतो. त्यांना लोक गाठवाले म्हणतात. (कल्पना जुनीच आहे. उत्तर युरोपातले खलाशी असा वारा विकत घेतात, असं वर्णन १५५५ साली छापलेल्या ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूच्या ग्रंथात आहे, तीन गाठींच्या दोरीसकट.)

१. आधी शिरगणती करा

जादू येणारी माणसं किती, हा आकडा ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. धर्माची सगळी वागणूक त्यावर बदलते.

तीन हजारांत एक असेल तर मीठबंदरात गाठवाले वीस. वीस माणसं म्हणजे सगळी नावानिशी ओळखीची. देवळाच्या कारकुनाला त्यांची यादी एका पानात लिहिता येते. इथे गुप्त पोलीस, छापे, तळघरातली न्यायालयं असलं काही लागत नाही. देवस्थान त्यांना एकेकाला बोलावून घेईल, बहुतेकांना पदरी ठेवेल आणि जे येणार नाहीत त्यांच्याबद्दल अफवा सोडेल.

पन्नासात एक असेल तर गाठवाले बाराशे. आता ही जमात झाली. त्यांची गल्ली असेल, लग्नं आपापसांत होतील, त्यांचा स्वतःचा कुलदेव असेल आणि मुख्य देवळाच्या उत्सवात त्यांचा ठरलेला मान असेल. बाराशे लोकांना पाखंडी ठरवलं तर गलबतं चालवणार कोण, असा प्रश्न धर्मगुरूंना त्यांचेच यजमान विचारतील.

दहात एक असेल तर सहा हजार. मग पुजाऱ्यांतही गाठवाले निघणारच. इथे "धर्म विरुद्ध जादू" असा सामना लावणं चूक आहे. भांडण धर्माच्या आतलं होईल: कुठल्या पुजाऱ्याने गाठ बांधायची आणि कुठल्याने फक्त मंत्र म्हणायचे.

नेहमीची चूक इथेच होते. लेखक जादूगार दुर्मीळ ठेवतो आणि त्यांना पकडायला हजारोंची फौज उभी करतो. वीस माणसांसाठी दोन हजार शिपायांचा पगार कुठलंच देवस्थान वर्षभरसुद्धा देणार नाही. फौज हवीच असेल तर तिला दुसरंही काम द्या, जकात वसुलीचं किंवा यात्रेच्या बंदोबस्ताचं. जादूगार पकडणं हे तिचं जोडकाम असू दे.

२. देवस्थानाचा जमाखर्च लिहा

देवस्थान लोकांना काय देतं आणि त्याबदल्यात काय घेतं, याची यादी करा: पाऊस, अपत्य, सुखरूप प्रवास, रोगमुक्ती, मुहूर्त, न्यायनिवाडा, अंत्यविधी. प्रत्येकासमोर दक्षिणा लिहा. मग तुमची जादू यातल्या कुठल्या ओळीला हात घालते तिथे खूण करा. संघर्ष तिथेच होईल. बाकीच्या ओळींबद्दल धर्म उदासीन राहील.

ही यादी कशी दिसते ते पाहायचं असेल तर बोरिवलीला कान्हेरीच्या लेण्यांत जा. तिथले शिलालेख बरेचसे दानाचे आहेत. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणं दिलं, पाण्याची पोढी खोदून दिली, भिक्षूंच्या खर्चासाठी अक्षयनिवी म्हणजे कायमची ठेव ठेवली. मोक्षाची भाषा बोलणाऱ्या संघालासुद्धा पाण्याची टाकी आणि ठेवीचं व्याज लागतं. तुमच्या धर्माच्या मुळाशी असलं व्याज आहे का, ते आधी बघा.

मीठबंदरात प्रत्येक गलबत निघताना दर्यादेवीला एक नारळ आणि पाच दाम देतं. हंगामात चारशे गलबतं, म्हणजे दोन हजार दाम. गाठवाला एका दोरीचे वीस दाम घेतो. नवा लेखक इथे लिहितो की देवळाचं उत्पन्न बुडालं आणि पुजारी चिडले. पण तसं होत नाही. गलबताचा मालक दोन्हीकडे पैसे भरतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणारा कोळी बोटीचं इंजिनही तपासून घेतो, यात त्याला विसंगती वाटत नाही.

मग भांडण कुठून सुरू होतं? अपयशाच्या हिशेबातून. नारळ वाहूनही गलबत बुडालं तर देवळाकडे उत्तरं तयार असतात: नवस फेडला नव्हता, खलाशांत कुणी विटाळ केला, देवीच्या मनात नव्हतं, पूर्वकर्म. त्यातलं एकही खोटं पाडता येत नाही. गाठवाल्याकडे मात्र असं उत्तर नसतं. वारा सुटला किंवा नाही सुटला, आणि नाही सुटला तर वीस दाम परत. जादू म्हणजे हमी, धर्म म्हणजे आशा. आता एका वादळात गाठी घेतलेली सातही गलबतं परत आली आणि फक्त नारळ वाहिलेली अकरा बुडाली, असं समजा. त्या रात्री पुजाऱ्यांची बैठक होणारच. तिच्यात पैशांचा विषय शेवटी येईल. पहिला विषय असेल, उद्या सकाळी अकरा घरांतल्या विधवांना काय सांगायचं.

हे एक दृश्य लिहून काढा. कादंबरीत ते आलं नाही तरी चालेल, पण ते लिहिल्याशिवाय तुमच्या धर्मगुरूंचा राग खरा वाटणार नाही.

३. रेघ कुठे ओढली आहे ते ठरवा

चमत्कार आणि चेटूक यांच्यात कृतीचा फरक बहुतेक वेळा नसतोच. रेघ तीन ठिकाणी ओढता येते: शक्ती कुणाकडून आली, ती कशासाठी वापरली, आणि वापरणारा कोण आहे. तीनपैकी एक मुख्य निवडा. बाकीच्या दोन धर्मातले पंडित वादासाठी वापरतील.

पहिल्या प्रकाराचं सरळ उदाहरण इस्लामी विचारात मिळतं. पैगंबराच्या हातून होतो तो मुअजिझा, वलीच्या म्हणजे संतपुरुषाच्या हातून होते ती करामत, आणि सिहर म्हणजे निषिद्ध जादू. पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच अद्भुत दिसू शकतात. म्हणून मग माणसाचं आचरण तपासलं जातं.

दुसऱ्या प्रकारासाठी आपलाच कायदा उघडा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. पण फँटसी लेखकाने वाचावा तो त्यातला अपवादांचा भाग. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही, आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगायलाही मोकळीक आहे. म्हणजे रेघ नुकसान, पिळवणूक आणि फसवणूक यांवर ओढलेली आहे. तुमच्या जगातला राजा किंवा धर्मसभा असा नियम करेल तेव्हा त्यालाही अपवादांची यादी जोडावी लागेल. ती कुणाच्या दबावाखाली वाढत गेली, यातून तुमचं निम्मं राजकारण तयार होतं.

तिसरा प्रकार सर्वांत रसाळ, आणि तो मनुस्मृतीत एकाच ग्रंथात दोन तोंडांनी बोलतो. नवव्या अध्यायात सगळ्या अभिचारांना, म्हणजे दुसऱ्याचं वाईट करायच्या मंत्रप्रयोगांना, दोनशे पण (त्या काळची नाणी) दंड सांगितला आहे. अकराव्यात ब्राह्मणाला मुभा दिली आहे की त्याने बेलाशक अथर्वांगिरस म्हणजे अथर्ववेदातले मंत्र वापरावेत, वाणी हेच त्याचं शस्त्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर चौदावं अधिकरण शत्रूवर करायच्या गुप्त प्रयोगांचंच आहे. नियम मोडला का, यापेक्षा कुणी मोडला हे आधी पाहिलं जातं. तुमच्या धर्मग्रंथात असे दोन उलटसुलट श्लोक मुद्दाम घाला. पंडित त्यावर पोट भरतील आणि तुमच्या खटल्यांना दोन्ही बाजूंचे वकील मिळतील.

चौथी वाटही आहे, आणि ती पाश्चात्त्य नमुन्यात सहसा सापडत नाही: शक्ती खरी आहे, पापही नाही, पण कमी दर्जाची आहे. पतंजलीने सिद्धी नाकारल्या नाहीत. त्या समाधीच्या आड येतात, एवढंच म्हटलं. ज्ञानदेव आणि चांगदेवांची कथा याच मुद्द्यावर उभी आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन येतात. समोरून ज्ञानदेव भावंडांसह बसल्या भिंतीसकट पुढे सरकतात. बघायला गेलं तर दोन्हीकडे चमत्कारच. परंपरेने एकाला सिद्धीचा गर्व म्हटलं आणि दुसऱ्याला माउली. चांगदेवांना कुणी शिक्षा केली नाही, त्यांना पासष्ट ओव्या मिळाल्या आणि मुक्ताबाई गुरू म्हणून लाभल्या. तुमच्या जगात जादूगाराला हरवायचं असेल तर हा मार्ग जाळण्यापेक्षा जास्त खोल लागतो.

एक सूचना इथेच. देव खरोखर बोलतात का, हे तुमच्यापुरतं नक्की करा. देवी दर महिन्याला प्रकट होऊन उत्तर देत असेल तर परवानगीचा वादच उरत नाही, तिलाच विचारता येतं. वाद हवा असेल तर देव गप्प हवेत, किंवा ते ज्यांच्यामार्फत बोलतात त्या माणसांवर शंका घ्यायला जागा हवी.

४. गाव, शहर आणि पीठ वेगळं लिहा

एकाच धर्माची तीन तोंडं असतात. पीठातला आचार्य ग्रंथावर बोलतो, शहरातला पुजारी गर्दी आणि दानपेटी सांभाळतो, गावातल्या माणसाला उद्या सकाळी त्याच विहिरीवर भेटायचं असतं. तिघांची जादूबद्दलची भूमिका एकसारखी लिहिली की धर्म पुठ्ठ्याचा होतो.

गिरगाव, लालबागमध्ये कुणालाही विचारा, शिमग्याला गावी गेल्यावर काय चालतं ते सांगतील. सिंधुदुर्गात देवळात गुरव देवाला कौल लावतो. पाकळ्या किंवा तांदूळ देवाच्या अंगावर लावायचे, उजवं पडलं की होकार. काही ठिकाणी अवसर येतो, म्हणजे माणसाच्या अंगात देव येऊन बोलतो. पण हे कुणी, कुठेही, कधीही करू शकत नाही. कौल गुरवानेच लावायचा, मानकरी हजर हवेत, गाऱ्हाणं ठरल्या पद्धतीने घालायचं. तोच माणूस आपल्या घरी रात्री एकट्याने अंगात आणून शेजाऱ्याचं नाव घेऊ लागला तर गाव त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. पंचांसमोर येतो तो देव, आणि घरात एकट्याला येतं त्याला लोक दुसरं काहीतरी म्हणतात.

मीठबंदरात हे असं बसवता येईल. पीठाचा आदेश: वारा देवीचा, तो बांधणं पाप. शहरातल्या देवळाची प्रथा: नारळी पौर्णिमेसारख्या सणाला सात गाठवाले देवळाच्या पायरीवर बसून दोऱ्या बांधतात, पुजारी त्यावर कुंकू लावतो, आणि त्या दोऱ्यांना "प्रसाद" म्हणतात. खाडीपलीकडच्या वाड्यांत: म्हातारी गाठवालीच सुईण आहे, आणि देवळाचा पुजारी स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणाला तिलाच बोलावतो.

सत्ताधारी स्वतः बंदी घालतो आणि गरज पडली की मागच्या दाराने जातो, हेही विसरू नका. बायबलमधल्या शौल राजाने मृतांना बोलावणाऱ्यांना देशाबाहेर काढलं आणि लढाईच्या आदल्या रात्री वेष बदलून एन्दोरच्या अशाच एका बाईच्या दारात उभा राहिला. तिची पहिली प्रतिक्रिया लक्षात ठेवा. हा आपल्याला पकडायचा सापळा तर नाही ना, असं तिला वाटतं. बंदीखाली जगणारी माणसं असंच बोलतात.

५. जाळण्याआधी बाकीचे उपाय संपवा

देहदंड महाग असतो: कैद, पहारा, खटला, दंगल, आणि वर हुतात्मा होण्याचा धोका. संस्था स्वस्त उपाय आधी करते.

सामावून घेणं. गाठवाल्याचा मूळ देव दर्यादेवीचा भाऊ ठरवा, त्याला देवळाच्या आवारात एक घुमटी द्या. प्रश्न मिटला, आणि एक नैवेद्यही वाढला.

परवाना. वर्षाला ठरावीक शुल्क, देवळाचा शिक्का, आणि कुठल्या महिन्यात काम करायचं याचं बंधन. जपानच्या दरबारात भविष्य आणि पंचांग पाहणाऱ्यांसाठी ओनम्योर्यो नावाचं सरकारी खातंच होतं, ते शतकानुशतकं चाललं आणि मेइजी काळात बंद झालं. खात्यात पगार, बढती आणि हेवेदावे येतात. फँटसीत हे फार कमी वापरलं जातं, त्यामुळे जागा मोकळी आहे.

मक्तेदारी. रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. १२ मध्ये भविष्य सांगणारे दोन हजारांहून जास्त ग्रंथ गोळा करून जाळले, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. सिबिल या भविष्यवेत्तीचे ग्रंथ मात्र निवडून, सोन्याचा मुलामा दिलेल्या पेट्यांत अपोलोच्या देवळात ठेवले. भविष्यकथन वाईट नव्हतं, दुसऱ्याच्या हातात होतं.

भ्रम ठरवणं. हा उपाय सर्वांत कमी वापरला जातो आणि मला सर्वांत आवडतो. ९०६ च्या सुमारास नोंदलेला 'कॅनन एपिस्कोपी' हा चर्चचा नियम सांगतो की रात्री देवीबरोबर उडत जातो असं मानणाऱ्या बायकांना सैतानाने भुलवलेलं आहे, तसं प्रत्यक्षात घडत नाही. चेटकिणींवरचं कुप्रसिद्ध पुस्तक 'मॅलेउस मॅलेफिकारम' १४८६ च्या आसपासचं, म्हणजे जवळपास पावणेसहाशे वर्षांनंतरचं. एकाच चर्चचा प्रवास "चेटूक खरं मानणं हा गुन्हा" पासून "चेटूक खोटं मानणं हा गुन्हा" या टोकाला गेला. तुमच्या धर्माच्या इतिहासात असा एक उलटा वळसा घाला आणि कथेचा काळ त्या वळशावर ठेवा. म्हातारे पुजारी जुनं मानतील, तरुण नवं.

यानंतर प्रायश्चित्त, दंड, बहिष्कार, हद्दपारी. शिक्षेचा तक्ता करताना पहिला, दुसरा आणि तिसरा गुन्हा वेगळा लिहा. बहिष्काराला कमी लेखू नका: पाणवठा बंद, न्हावी बंद, प्रेताला खांदा बंद. तिसऱ्या आठवड्यात माणूस स्वतःहून गाव सोडतो आणि धर्माच्या हाताला रक्त लागत नाही.

६. खटला लिहिताना पुरावा बघा

इथे नवे लेखक हमखास गडबडतात. युरोपातल्या चेटूक-खटल्यांत गुन्हाच अशक्य होता. म्हणून सगळा डोलारा कबुलीजबाबावर, आणि कबुली छळावर. तुमच्या जगात जादू खरी असेल तर तोच डोलारा जसाच्या तसा उचलता येत नाही. वारा खरंच बांधला जातो. प्रश्न उरतो, कुणी बांधला?

परिणाम दिसतो, करणारा दिसत नाही. खोटे आरोप याच फटीतून आत येतात. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली आरोपीचं भूतरूप आम्हाला छळताना दिसलं, अशी साक्ष धरली गेली. एकोणीस जणांना फाशी झाली. गव्हर्नरने ते न्यायालय बरखास्त केलं, नव्या न्यायालयात असली साक्ष चालेनाशी झाली आणि बहुतेक आरोपी सुटले. गावकरी तेच, भीतीही तीच. पुराव्याचा एक नियम बदलला आणि निकाल बदलले. तुमच्या धर्मसभेसाठी असा नियम लिहा: किती साक्षीदार, कुणाची साक्ष चालत नाही, कबुली मागे घेता येते का, खटल्याचा खर्च कोण भरतं. आरोपीच्या मालमत्तेतून खर्च निघणार असेल तर श्रीमंत विधवा आधी पकडल्या जातील.

धर्मन्यायाधीश म्हणजे क्रूरच, हाही सापळा. स्पेनमध्ये लोग्रोन्योला १६१० साली चेटकाच्या आरोपावरून माणसं जाळली गेल्यावर, तीन न्यायाधीशांपैकी आलोन्सो दे सालाझार गावोगाव फिरला. अठराशेच्या आसपास लोकांचे जबाब घेतले, त्यांत मुलं बहुसंख्य होती. मलमं, भुकट्या तपासून पाहिल्या. चेटकाचा एकही पक्का पुरावा मिळाला नाही, असं त्याने वरिष्ठांना कळवलं आणि १६१४ मध्ये नियम कडक झाले, ते आरोप करणाऱ्यांसाठी. असं एक पात्र तुमच्या धर्मसभेत हवंच: श्रद्धाळू, कंटाळवाणं, कागद वाचणारं.

अफवेचा मार्गही आखून ठेवा. चीनमध्ये १७६८ साली लोकांच्या शेंड्या कापून आत्मा चोरतात, अशी आवई उठली. पकडले गेले ते भटके भिक्षू, भिकारी, परगावचे लोक. बादशहाने सूत्रधार शोधायचा हुकूम दिला, अधिकाऱ्यांनी छळ करून कबुल्या मिळवल्या, आणि शेवटी सूत्रधार कुणी निघालाच नाही. संशय नेहमी आधी ज्याचा जामीन कुणी राहणार नाही त्याच्यावर जातो. जादू दिसत नसल्यामुळे तपासनीस मग स्वयंपाकघरात शिरतात. गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या मनाई हुकमात लग्नातली वाद्यं, विड्याची पानं, दारची तुळस, इतकंच काय, भात अळणी शिजवणंही आलं होतं. मीठबंदरात हाच नियम लावून बघा. ज्याच्या घरी दोरीला विनाकारण गाठ मारलेली सापडेल तो संशयित. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या आठवडाभरात गावातून नाहीशा होतील.

७. जादूगारालाही देव द्या

जादूगार म्हणजे आपोआप बुद्धिवादी बंडखोर, ही समजूत सोडा. तो त्याच गावात वाढला आहे. गाठ बांधण्याआधी तो कुणाचं नाव घेतो, कुठल्या वारी काम करत नाही, सुतकात दोरीला हात लावतो का, हे लिहा. पीठ आपल्याला पापी म्हणतं हे त्याला पटलेलं असू शकतं आणि तरीही पोटासाठी तो गाठी बांधत असतो. असा माणूस बंडखोरापेक्षा लिहायला अवघड, म्हणून टाळला जातो.

८. मुंबईत काय पाहून यायचं

सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरं विकायला असतात. जे दुखतं किंवा जे हवं ते मेणात घ्यायचं आणि माउलीला वाहायचं. रांगेत सगळ्या धर्मांचे लोक असतात. विक्रेत्यांच्या पाट्यांवर काय काय मांडलंय ते लिहून घ्या, लोकांच्या अडचणींची यादी आयतीच मिळते. डिसेंबरमध्ये माहीमला मखदूम अली माहिमींच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. १४३१ मध्ये गेलेला हा माणूस कुराणाचा भाष्यकार, विद्वान होता. पंडिताचा पीर कसा होतो आणि राज्ययंत्रणा त्याला कशी मान देते, ते तिथे दिसतं. वसईचा किल्ला एखाद्या रविवारी पायी फिरा. १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे असलेल्या या गावात किती मठ आणि चर्च तटाच्या आत होती ते मोजलंत की धर्मसंस्थेला किती जागा लागते याचा अंदाज येतो. फोटो काढण्याआधी विचारा, आणि कुणाच्या अंगात येत असेल तिथे मोबाइल खिशात ठेवा.

९. नावं जपून ठेवा

भगत, पोतराज, जोगतीण, देवऋषी ही जिवंत माणसांची नावं आहेत. खलनायकाला त्यातलं एखादं नाव आणि एखाद्या आदिवासी जमातीचा पेहराव दिलात तर ती फँटसी राहत नाही. डाकीण ठरवून बायकांना मारहाण आजही होते. नवं नाव बनवा, कामावरून बनवा, गाठवाल्यांसारखं. धर्माच्या बाबतीतही तेच. एका खऱ्या धर्माची वेशभूषा, दुसऱ्याचा ग्रंथ आणि तिसऱ्याची शिक्षा अशी भेळ केली तर वाचक कथा सोडून कुठला कोण ते ओळखत बसतो.

मसुदा झाला की तीन जणांना वाचायला द्या आणि जादू, धर्म असले शब्द न काढता प्रत्येकाला एवढंच विचारा: या गावात मध्यरात्री मूल तापाने फणफणलं तर आई आधी कुणाचं दार वाजवेल, आणि सकाळी ते कुणापासून लपवेल? उत्तर देताना ते अडखळले तर पायरी ४ वर परत जा.